झिपऱ्यानं नेलेल्या वस्तू

तारीख चौदा असावी, पंधराही असेल. वार नक्की सोमवार, कारण लाँड्रीत चादरींचा डोंगर आलाय.

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. तू हे पाकीट फोडलंस म्हणजे अर्धी लढाई जिंकले. माझं अक्षर बघितलं असतंस तर न वाचताच त्यावर वस्तऱ्याचा साबण पुसला असतास, म्हणून पत्ता इथल्या मॅनेजरकडून लिहून घेतला. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे, डोकं मात्र नारळासारखं. असो.

मी बरी आहे. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते, घड्या घालते. हा कागदसुद्धा शर्टाच्या घडीत घालतात तोच. ह्याच्या आधी एका नाटक कंपनीच्या ट्रकवर होते, त्याच्या आधी रोपवाटिकेत, त्याच्या आधीचं लिहीत बसले तर कागद संपेल. ‘भिंगरीला एका जागी उभी करायची तर खिळा ठोकावा लागेल,’ असं तू म्हणायचास. अजून कुणाला खिळा सापडलेला नाही.

आपल्या त्या गोष्टीबद्दल मी लिहिणार नाहीये. आधीच सांगते, म्हणजे निवांत वाचशील.

तर बातमी अशी की झिपऱ्या गेला. तुला कळलं असेलच. गेला आठवडाभर जिकडेतिकडे त्याचीच गाणी. तू रेडिओ बंद केला असशील, सवयीनं. सलूनमध्ये त्याचं गाणं लागलं की आप्पा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा तसाच धरून म्हणायचे, “आधी त्या झिपऱ्याला माझ्या खुर्चीत बसवा, मग ऐकतो त्याचं बोंबलणं!” सगळे हसायचे. गळा ज्याचा वस्तऱ्याखाली तो सोडून.

तो मूळचा ह्याच गावचा. तुमच्यापासून बसनं तासाभराच्या अंतरावर राहतेय मी, हेही आत्ताच सांगून टाकते. रागावू नकोस.

काल त्याच्या तालमीच्या खोलीत माणसं जमली होती. टायरच्या दुकानावरची खोली, सगळीकडे रबराचा वास. त्याच्या बहिणीनं बोलावलं होतं, सगळे तिला ताईच म्हणतात. झालं काय, ह्या माणसाला वस्तू मागून न्यायची खोड. ‘आठ दिवसांत देतो’ म्हणायचा आणि विसरायचा. शेवटच्या आजारात ताईला म्हणाला, “सगळ्यांचं सगळं देऊन टाक.” आता कुणाचं काय ते तिला कुठलं माहीत? म्हणून तिनं लांबच लांब टेबलं मांडून सगळं पसरून ठेवलं. आपली वस्तू ओळखायची, त्यानं ती कशी नेली ते चार लोकांत सांगायचं आणि घेऊन जायची.

दादा, काय काय होतं म्हणून सांगू! छत्र्या, चष्मे, स्वेटर, कुणाचा तरी एकच बूट. एक जाडजूड बाई पुढे आल्या, त्यांचं लाटणं होतं. “ढोल वाजवायला हवंय म्हणाला. मी आजतागायत बाटलीनं लाटतेय हो!” असं म्हणाल्या आणि लाटणं छातीशी धरून हमसून हमसून रडल्या. त्याचा ड्रमर उठला, “माझी बायको पण आहे का बघा टेबलावर.” ती मागच्याच रांगेत होती. तिनं तिथूनच सुनावलं, “मला नेलं असतं तर आठ दिवसांत स्वतःहून परत केलं असतं.” हसता हसता लोक डोळे पुसत होते.

मी आपली बघायला गेले होते. माझं काय असणार तिथं? मी त्याला आयुष्यात कधी भेटलेली नाही. त्याचं एकच गाणं मला फार आवडायचं, ते सुरुवातीला नुसता माउथ ऑर्गन वाजतो ना, ते. तुला माहीत नसेल, तू दोन सेकंदांत बंद करायचास. त्यात एका ठिकाणी सूर येतच नाही, नुसती हवा जाते, फुस्स. इथले लोक शीळ घालतानाही त्या जागी मुद्दाम फुंकर मारतात. कुणी म्हणतं, ती जागा त्यानं गेलेल्या बापासाठी मोकळी सोडली; कुणी म्हणतं, एका मुलीसाठी. मी घर सोडलं त्या दिवशी बसमध्ये हेच वाजत होतं. मी खिडकीत डोकं खुपसून रडले होते आणि वाटत होतं की हे गाणं मी जन्माच्या आधी कधीतरी ऐकलंय.

तिसऱ्या टेबलावर आप्पांचा बाजा होता, त्यांचा माउथ ऑर्गन.

दुसऱ्या कुणाचा नाही, दादा. कोपऱ्याला पोचा तोच, आणि मागे तू लहानपणी खिळ्यानं कोरलेला वाकडा मासा, ज्याला मी बदक म्हणायचे.

नाही लिहिणार म्हटलं होतं. पण आता न लिहून कसं चालेल?

आई गेल्यावर आप्पांनी तो वस्तऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि परत तोंडाला लावला नाही. मग एक दिवस ड्रॉवर रिकामा. तू भर सलूनमध्ये म्हणालास, “हिनंच विकला असणार. बसच्या तिकिटासाठी ही घराचं दारसुद्धा विकेल.” मी थयथयाट केला. आणि खरं सांगू? मनात म्हटलं, ह्यानंच विकला आणि माझ्यावर ढकलतोय. इतकी वर्षं मी तेच धरून बसले. मी तुझ्याकडे बघत होते, तू माझ्याकडे. आणि आप्पा पट्ट्यावर वस्तरा घासत होते.

माझा नंबर आला तेव्हा मी एवढंच म्हणू शकले, “हा माझ्या आप्पांचा.” कसा नेला ते काय सांगणार? मला ठाऊकच नव्हतं. ताईनं विचारलं, “सलूनवाले आप्पा?” आणि हाताला धरून मला बाजूला नेलं.

तिनं सांगितलं ते असं. एका सुट्टीच्या दिवशी ह्या बहीणभावांची गाडी आपल्या दारात बंद पडली. आप्पा एकटेच अर्धं शटर टाकून बसलेले. झिपऱ्याला बघितलं आणि म्हणाले, “हे डोकं आहे का सुगरणीचं घरटं? बस इथं!” बसवलं की खुर्चीत! एक बोटभरच कापले केस, पण अर्धा तास लावला. कात्री काढताना ड्रॉवरमधला बाजा त्यानं बघितला, वाजवा म्हणाला. आणि आप्पांनी वाजवला, दादा. आईनंतर पहिल्यांदा. तेव्हाच त्यानं तो नेला, आठ दिवसांत देतो म्हणून. पुढे केस कापायला येत राहिला, नेहमी सुट्टीच्या दिवशीच. ‘वस्तऱ्यांना धार लावायला जातो’ म्हणून आप्पा निघायचे आणि आपण म्हणायचो, ह्यांना घरात करमतच नाही.

आता गाण्याचं कळलं का तुला? ती फुस्स बापासाठी नाही आणि मुलीसाठीही नाही. ती तुझी आहे. तू बाजा साबणाच्या बादलीत पाडला होतास, तेव्हापासून ते भोक मुकं झालंय. रस्त्यारस्त्यात आपल्याच घरचा बाजा वाजत होता आणि आपण दोघं तो कुणी चोरला म्हणून भांडत होतो. तू रेडिओकडे धावायचास तेव्हा आप्पा म्हणायचे, आठवतं? “थांब रे, एवढं सुरुवातीचं होऊ दे.” आपल्याला वाटलं, म्हातारपण.

आळ घेतलास त्या दिवशी ते बोलले का नाहीत, हेच मी ताईला विचारलं. खूप रागानं विचारलं. ती म्हणाली, “आले होते ना ते इथं. बसनं. ह्याच स्टुलावर बसले. ‘बाजा द्या, पोरीवर आळ आलाय,’ म्हणाले. भाऊ दौऱ्यावर, बाजा त्याच्याजवळ. मी म्हटलं, घरी खरं सांगून टाका ना. तर म्हणाले, ‘काय सांगू? इतकी वर्षं ज्याच्या नावानं शिमगा केला त्याचे केस मीच कापतो म्हणून? गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवीन आणि म्हणेन, हा बघा, इथंच तर होता.’ पुढच्या सुट्टीला परत आले. परत आले. मग यायचे थांबले.”

का थांबले ते तुला माहीत आहे. आप्पा गेले तेव्हा मी घरी आले होते, पण तू भिंतीशी बोललास आणि मी दाराशी.

ते उठून एकदा बोलले असते तर! दोन शब्दांचं काम होतं. मला त्यांचा राग येतो, मग स्टुलावर बसलेले आप्पा डोळ्यांपुढे येतात आणि राग कुठे ठेवावा ते कळत नाही. त्यांना आता विचारता येत नाही, म्हणून तुला विचारते. त्या दिवशी सलूनमध्ये त्यांचा चेहरा कसा होता? तू बघितलास का? मी नाही बघितला.

लोकांनी आग्रह केला म्हणून शेवटी मी बाजावर त्या गाण्याची सुरुवात वाजवली, जमेल तशी. ती जागा आली आणि फुस्स झालं. एका म्हाताऱ्यानं जवळ येऊन विचारलं, “पोरी, ह्या मोकळ्या जागेचा अर्थ तुला माहीत असेल.” मी नाही म्हटलं. एवढी माणसं त्या एका फुंकरीवर रडली असतील, तिथं साबणाची बादली कुठे ओतू?

सुट्टीच्या दिवशी येते, सकाळच्या बसनं. अर्धं शटर उघडं ठेव. वस्तऱ्यांचा ड्रॉवर जरा रिकामा कर. मला काही विचारू नकोस, मीही विचारणार नाही. मी आत येईन, ड्रॉवर ओढीन आणि म्हणेन, “हा बघ, इथंच तर होता.”

तू फक्त ‘हो की गं’ म्हण. एवढंच म्हण.

तुझी,
भिंगरी