भिंतीवरून आलेला आवाज

मंगळवार, २४ मार्च. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलं आहे. सकाळी माळ्यावरून कूलरच्या वाळ्याच्या ताट्या काढायला स्टुलावर चढले, तर बैठकीतला कॅमेरा अनिकेतच्या आवाजात ओरडला, "आई, आधी खाली उतर!" मुलगा पुण्याच्या ऑफिसात आणि आवाज माझ्या भिंतीवर. पडले असते तर त्या ओरडण्यानेच. शेजारची प्रमिला स्टूल धरून उभी होती. "काहून वं, तुह्या पोराले ऑफिसात काही काम नाही का?" म्हणून हसत सुटली. मला हसू आलं नाही. स्वतःच्या घरात, शेजारणीसमोर, शाळकरी पोरीसारखं उतरायला लावलं.

उतरले का मी? उतरले. तेच सलतंय.

ताट्या मग पुन्हा चढून काढल्याच. दुपारी त्याला फोन केला, म्हटलं कॅमेरा काढते आहे. तर म्हणतो, "मग एकटी राहू नकोस, इकडे ये." म्हणजे माझ्या घरात राहायला आता त्या डोळ्याची परवानगी? काळजी आहे, मान्य. पण लावताना मला विचारलं होतं का कोणी?

"बरं, राहू दे," मी म्हटलं. "पण तुमच्याही स्वयंपाकघरात एक लाव. मीही बघत जाईन, चुकलं की ओरडेन. सूनबाईला विचारून सांग."

तर म्हणाला, "आई, असं कसं चालेल?"

"तेच म्हणते मी."

कॅमेरा आता कपाटात आहे. मी बैठकीत केस मोकळे सोडून, पाय टीपॉयवर टाकून लिहिते आहे.