रस्त्याकडेचं विद्यापीठ

१२ जून

तीर्थरूप आईंना,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नका. वाळत घातलेले कपडे कामवाल्या बाई काढतील.

कुठलं विद्यापीठ ठरलं, असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा नळ चालू राहिलाय म्हणून मी फोन ठेवला. नळ बंदच होता. म्हणून लिहितेय.

ध्वनिशास्त्राच्या एम.एस्सी.साठी दोन्हीकडून होकार आलाय. तुमच्या इथलं विद्यापीठ मोठं, नावाजलेलं. शिवाय तुमच्या घरून चालत जाता येईल. तुम्ही तर मागची खोली रंगवूनही घेतलीत. कानाच्या डॉक्टरांकडची नोकरी सोडायचीच आहे. दिवसभर लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवायच्या आणि "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणायचं, याला मी विटलेय. सगळे म्हणतात, यात एवढा विचार कसला करतेस?

मागे तुमच्याकडे राहिले होते तेव्हा ते विद्यापीठ बघून आले. तिथे एक खोली आहे. भिंतींना, छताला फोमचे सुळके, पायाखाली जाळी. आवाज जरासुद्धा घुमत नाही. दार लावलं की आपल्या श्वासाखेरीज काही नाही. तिथले सर म्हणाले, "बहुतेक जण पाच मिनिटांत बाहेर येतात." मी बसून राहिले. शेवटी त्यांनीच दार उघडलं. "ठीक आहात ना?"

ठीकच होते. तुमचा मुलगा गेल्यापासून इतकी ठीक मी कधीच नव्हते. उठायला पाय तयार होईनात. इथे शिकायला आले तर मी रोज या खोलीत येऊन बसेन आणि कोणाला पत्ताही लागणार नाही, हे तेव्हाच कळलं.

दुसरं विद्यापीठ अगदी रस्त्याला लागून. ट्रक गेला की खिडक्या थरथरतात. "ध्वनिशास्त्र शिकवायला हीच जागा मिळाली का?" असं मी तिथल्या प्राध्यापक बाईंना विचारलं, तर त्या हसल्या. "अहो, आमचं कामच गोंगाटाचं." हॉस्पिटलमधला गोंगाट कसा कमी करायचा, हा त्यांचा विषय. विशेषतः यंत्रांचा.

आई, त्या मुक्कामात तुम्ही स्वयंपाकघरात तुमच्या बहिणीला म्हणालात, "हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. तो शेवटी काय बोलला विचारलं, तर तोंडातून शब्द काढत नाही." मी बाहेर चपला घालत होते. राग नाही आला. काहीच आलं नाही.

आता सांगते. त्या संध्याकाळी आम्ही तुम्हाला आग्रहाने घरी पाठवलं होतं. त्याच्या उशाशी यंत्र सारखं वाजत होतं. "ते वाजायचं बंद कर ना," तो म्हणाला. मी नर्सला बोलावलं. ती बिचारी म्हणाली, "ताई, ते नाही हो बंद करता येत." मग मी त्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवले. घट्ट. "हां, आता बरंय," म्हणाला. एवढंच बोलला. नंतर यंत्राचा आवाज बदलला. आवाज ओळखणं तर माझं रोजचं काम, मला लगेच कळलं. तरी मी हात काढले नाहीत. डॉक्टरांनी येऊन काढले.

त्याने तुमचं नाव घेतलं, असं सांगणं सोपं होतं. पण खोटं सांगवेना आणि खरंही सांगवेना.

रस्त्याकडेच्या विद्यापीठाला काल होकार कळवला. मागची खोली तुम्ही कोणाला तरी द्या, घरात माणसाची जाग हवी. महिन्यातून एकदा मी येत जाईन. तुमच्यासमोर रडेन असं कबूल करत नाही. येईन मात्र नक्की.

मावशींना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल.

तुमचीच,
सून
(हा शब्द आता चालतो की नाही ते तुम्ही ठरवा. मी दुसरा शोधलेला नाही.)