दुसऱ्या कडव्यातलं नाव

मामपोंग,
१२ ऑगस्ट

प्रिय अफ्रियेताई,

इकडे सगळे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजी नको. कोनफळं यंदा चांगली आली. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसलो.

आईचं शोकगीत हल्ली रेडिओवर सारखं लागतं. कुमासीच्या एका गायिकेनं गायलंय. रचना कुणाची, तर म्हणे 'पारंपरिक'. मी तक्रार केली, तेव्हा आक्र्याच्या कॉपीराइट कचेरीतून एक साहेब चौकशीला आले. त्यांनी विचारलं, "आजी, हे गाणं कुणी रचलं?" आणि आपल्या बाईसाहेब म्हणाल्या, "मी कोण रचणार, बाबा? थोरल्या बायकांचं आहे. मी नुसतं तोंड उघडलं."

आता असंच म्हणायचं असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. 'मी रचलं' म्हणणारीला मयताच्या घरी कोण बोलावेल? साहेबांनी मात्र ते खरं धरलं आणि लिहिलं, लोकगीत. मी कपाळावर हात मारला.

साहेब म्हणाले, "लोकगीत म्हणजे सरकारच्या ताब्यात, कायमचं. आजींचं ठरलं, तर त्या असेतोवर त्यांचं, पुढे सत्तर वर्षं तुमच्या घराचं. मग सगळ्यांना मोकळं."

"मग आत्ताच गाऊ देत की सगळ्यांना," आई म्हणाली. "गेलेलं माणूस काय आपल्या एकट्याचंच असतं?"

तिला डाचतं ते वेगळंच. गायिकेनं दुसऱ्या कडव्यातलं नाव काढून तिथे 'लेकरू' घातलंय. गाणं आईचं ठरलं, तरच ते नाव परत घाला असं आपल्याला सांगता येईल.

त्यासाठी साहेबांना गाणं पहिल्यांदा ऐकलेलं माणूस हवंय. ती तूच, ताई. तुझ्या पोराला पुरलं त्या सकाळी तुझ्या शेजारी बसून आईनं ते जुळवलं. त्यानंतर तू ना इकडे आलीस, ना त्याचं नाव घेतलंस. मला त्याचा राग आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त तुझी आठवण येते.

काल आई म्हणाली, "तिला लिही, गाण्यात नाव नाही, घरात कुणी नाव घेत नाही, मग पोरगं गेलं कुठे?"

पुढच्या महिन्यात साहेब परत येतील. तू ये.

अडोमचा मामा,
ओपोकु