गारंबीच्या झोक्यात अडकलो त्याची हकीकत

तीर्थरूप स्टेलाताईस धाकट्या एडविनचा सलाम.

गुडघे कसे आहेत? (डॉक्टरचं मत नको, तुझं कळव.) मी नगरात बरा आहे, फक्त बसताना जरा बेतानं बसतो. कारण सांगतो.

परवा अकोले तालुक्यात जाऊन आलो. पप्पा जिथं मास्तर होते, त्या गावच्या देवराईत. नेणारी सुकन्या, वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. दिवाळी अंकातली माझी कथा वाचून तिचा फोन आला. कौतुक ऐकायला मी चष्मा लावून बसलो (फोनला चष्मा कशाला, विचारू नकोस), तर ती म्हणाली की काका, तुमच्या कथेत कुंभा दिवाळीत फुललाय, तो फुलतो उन्हाळ्यात. आणि बाकीची झाडं नुसतीच डेरेदार. चला, ओळख करून देते.

राईच्या कडेला तिनं चपला काढल्या. पप्पाही काढायचे, आठवतं? ख्रिस्ती माणूस, पण म्हणायचे, घर दुसऱ्याचं असलं तरी उंबरा तो उंबराच. मला एकदम भरून आलं. मग काटा मोडला आणि ते ओसरलं.

तिनं मला साली चाचपायला लावल्या, पानं चुरगळून हुंगायला लावली. जन्मभर मी 'गर्द रान' एवढ्यावर भागवलं. त्या गर्दीत प्रत्येकाला नाव आहे हे आत्ता कळलं. राईच्या मधोमध मात्र सगळी झाडं एका वयाची, तरणी. असं का, ते तिला इतकी वर्षं उमगलं नव्हतं. तेवढ्यात मला गारंबीची ती जाड वेल दिसली, जमिनीशी वळसा घेऊन वर गेलेली. म्हटलं, अगं, हा आमचा झोका. इथलं मोठं झाड वादळात पडलं आणि वेल शेजारच्या झाडानं धरून ठेवली. आपण कसे झुलायचो ते दाखवायला बसलो, आणि बसलोच. वळसा तेवढाच राहिलाय, मी नाही. मला सोडवण्याआधी सुकन्यानं वेलीचा घेर मोजला.

"हलू नका, काका," एवढंच म्हणाली.

शेवटी ओढून काढलं (पँटचा काही भाग राईला अर्पण). मग ती तिथंच मातीत बसली. मोठं झाड पडलं, ऊन खाली आलं आणि ही सगळी एकदम उगवली, हे तिचं कोडं सुटलं होतं.

"मी इथलं पान न् पान तपासलं," ती म्हणाली. "पण इथं पोरं खेळली असतील, त्यांना विचारावं, हे कधी डोक्यातच आलं नाही."

पडलेलं झाड कोणतं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही, ताईला ठाऊक असेल.

तुझा, शिवलेल्या पँटीतला,
एडविन

ता.क. झाडाचं नाव तेवढं कळव.

ता.क. दुसरा. नको, कळवू नकोस. सुकन्या म्हणते, जागेवर येऊन सांगितलं तरच उपयोग. (ती म्हणत नाही, मी म्हणतोय.) भाऊजी गेल्यापासून तू फाटकाबाहेर पडली नाहीस, असं तुझी लेक प्रार्थना सांगत होती. गाडी राईच्या कडेपर्यंत जाते. पुढं माझा हात आहे.

ता.क. तिसरा. बेहडा होता. त्याच्या बिया खाऊन तू दिवसभर गरगरत होतीस आणि मी घरी सांगितलं नाही, ते विसरेन होय? पण सुकन्याला हे कळवू नकोस. तू आल्याशिवाय मला आठवणार नाही.