यादीतून खोडलेलं नाव

१४ मार्च

चि. छोटू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. वस्तीतल्या गच्च्यांवरची सोलर पॅनेलं परवाच धुऊन झाली. चौकातल्या खोलीतल्या सामाईक बॅटऱ्याही ठणठणीत आहेत. आपल्या वस्तीच्या सोलर मंडळाचा अध्यक्ष म्हणून तुझी गावोगावची भाषणं जोरात चालली आहेत, असं ऐकते.

एक भाषण शेजारच्या शिंपीणकाकूंनी फोनवर दाखवलं. "बाहेरची लाइन गेली की आमच्या बॅटऱ्यांची वीज आधी यादीतल्या आजाऱ्यांना मिळते, आणि त्या यादीतून मी माझ्या आईचं नाव खोडलं, कारण अध्यक्षाच्या घरी वशिला नको," असं तू सांगितलंस. केवढ्या टाळ्या पडल्या. अरे, आईला ऑक्सिजनचं मशीन लागतं ते काय तू अध्यक्ष झालास म्हणून? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मंगळवारी दुपारी चार तास लाइन नव्हती. मशीनची आतली बॅटरी तासाभरात संपली. आईचे ओठ निळे पडले. काकूंच्या नवऱ्याचं नाव यादीत आहे, म्हणून त्यांच्याकडे वीज होती. त्यांनी खिडकीतून वायर टाकली म्हणून आपल्याला आज आई आहे. आणि काल काकूंना मंडळाची नोटीस आली. "वीज दुसऱ्या घरी दिलीत, तर तुमच्या घरचं नाव यादीतून का काढू नये?" खाली तुझी सही. वाचून केलीस की न वाचता, मला दोन्हीचा सारखाच संताप आहे.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. आईचं नाव खोडलं त्या सभेत मीही हात वर केला होता. आपला छोटू किती सचोटीचा, म्हणून ऊर भरून आला होता. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

काकूंनी आणून दिलेली नोटीस मी लपवली होती, पण आईनं मागून घेतली. सही बघत राहिली. तुझा हात धरून अक्षरं तिनंच गिरवून घेतली होती. मग मास्क बाजूला करून म्हणाली, "त्याला लिही, माझं नाव नसलं तरी चालेल. काकूंच्या घरचं तेवढं खोडू नको म्हणावं."

तिचा निरोप तिनं दिला. माझा वेगळा आहे. रविवारच्या सभेत मी दोन्ही नावांसाठी उभी राहणार आहे, तुझ्याविरुद्ध. आलास तर समोर बस.

तुझ्याच आईची मुलगी