‘फ’ शिकवणाऱ्या बाईंचे मृत्युपत्र

मी, फिलोमेना नोब्लेझा फामातिद, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार मियागाओ, प्रांत इलोइलो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात कापतो तो मूत्रपिंडाच्या दुखण्याने. बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला पाहावा. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. या घरात दडपण आणण्याचे काम आजवर मीच केले. यापूर्वी मी लिहिलेले असे सर्व कागद रद्द समजावेत.

१. माझा देह आईच्या शेजारी पुरावा. प्रार्थना आमच्या किनाराय-आ बोलीत व्हावी. शाळेतून कोणी आलेच तर इंग्रजीत भाषण करू नये. माझे विद्यार्थी माझ्या शवपेटीपुढेही उच्चार सांभाळत बसतील आणि त्यांना धड रडता येणार नाही.

२. राहते घर, अंगण व मागची नारळाची बाग माझी धाकटी बहीण कोन्सोर्सिया, म्हणजे कोन्सिंग, हिला पूर्णपणे द्यावी. आईने हे सारे माझ्या एकटीच्या नावे केले, कारण मी शिकलेली होते. कोन्सिंग आईच्या मागावर बसून कापड विणत होती आणि त्यावर घर चालत होते, हे तेव्हा कोणी विचारात घेतले नाही. मीही बोलले नाही. चुलतभाऊ तेओदुल्फो कुंपणालगतच्या दोन आंब्यांवर हक्क सांगेल. त्याला सांगावे की ती झाडे लावताना तो सावलीत बसून आम्हाला हसत होता.

३. वर्गातले सामान. हातात धरायचा आरसा, टेपरेकॉर्डर आणि मोठा शब्दकोश माझ्या जागी आलेल्या लोरेली नुफाब्ले बाईंना द्यावा. जीभ, दात आणि टाळू दाखवणारा तक्ता जाळून टाकावा. लोरेली, चूक जरूर दुरुस्त कर, पण मूल बोलत असताना नव्हे. त्याचे बोलणे आधी संपू दे. एवढे कळायला मला तीस वर्षे लागली.

४. कलम दोनचे कारण लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आमच्या बोलीत ‘फ’ नाही. आमच्या तोंडी त्याचा ‘प’ होतो. आई मला जन्मभर पिलोमेना म्हणाली आणि मी तिला जन्मभर दुरुस्त केले. वर्गात मी प्रत्येक मुलाला आरसा देई, वरचे दात खालच्या ओठावर टेकवायला लावी आणि हवा सोडायला सांगे. माझी मुले प्रांतात सर्वांत शुद्ध बोलतात, असे तपासनीस म्हणत. मला त्याचा गर्व होता.

कोन्सिंग माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर मीच तिला वाढवले. तिचा आवाज असा होता की बाजारात ती बोलू लागली तर मासे विकणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत. सोळाव्या वर्षी, १९७९ साली, मी तिला प्रांताच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत उतरवले. भाषण मी लिहिले. तीन महिने रोज सकाळी शाळेआधी तिला आरशापुढे उभे केले. तिचा ओठ सुजला तरी सोडले नाही. थोरल्या बहिणीला आमच्यात मनांग म्हणतात. एकदा ती म्हणाली, “मनांग, आता कुठे प आणि कुठे फ हेच मला समजेनासं झालंय.” मी म्हटले, “समजायचं काही नाही. ओठ चाव.”

इलोइलो शहरातल्या सभागृहात ती उभी राहिली. पहिल्याच वाक्यात तिला ‘पीपल ऑफ द फिलिपीन्स’ म्हणायचे होते. ती म्हणाली, “फीपल ऑफ द पिलिपीन्स.” आधी परीक्षक हसले, मग सारे सभागृह. ती थांबली, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तेच म्हणाली. मग भाषण अर्ध्यावर टाकून खाली उतरली. त्यानंतर ती इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. शाळेतही गेली नाही. मी तिला आळशी म्हणाले. शिक्षकांच्या खोलीतही तेच सांगितले. हे खोटे होते आणि ते मी येथे मागे घेते.

५. कोन्सिंगने कधी लग्न केले नाही. मी २००३ साली निवृत्ती घेऊन थायलंडला गेले. नोंथाबुरीतल्या त्या खाजगी शाळेचे नाव लिहीत नाही. तेथे मला ग्रॅहम नावाच्या गोऱ्या माणसाबरोबर एक वर्ग दिला. तो पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होता. पाठ मी तयार करी, वह्या मी तपाशी, मुलांचे ओठ आणि जीभ मी पाही. तो पुढे उभा राहून वाचून दाखवी. ‘हा आवाज असा का काढायचा?’ असे मुलांनी विचारले की तो बिचारा माझ्याकडे पाही. पालकांच्या दिवशी एका मुलीने फार छान वाचले. तिच्या आईने ग्रॅहमचे हात धरून आभार मानले. तो म्हणाला, “मी नाही, यांनी शिकवलंय.” तेव्हा संचालक मध्येच म्हणाले, “या आमच्या मदतनीस आहेत.” नंतर मला बाजूला घेऊन ते हळूच बोलले, “पालक असतील तेव्हा तुम्ही बोलू नका. तुमचा उच्चार त्यांना ऐकू येतो.”

मी सहा वर्षे पालकांपुढे बोलले नाही. ग्रॅहमवर माझा राग नाही. संचालकांना मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही, क्षमासुद्धा नाही. पण त्या दिवशी भिंतीला टेकून उभी असताना मला प्रथमच कळले की सोळा वर्षांच्या कोन्सिंगला त्या सभागृहात काय झाले असेल.

६. निवृत्तिवेतनातून उरेल ते कोन्सिंगच्या डोळ्यांच्या उपचाराकडे लावावे. ती नको म्हणेल. डॉक्टरांनी तिचे ऐकू नये.

७. परत आल्यावर दहा वर्षे आम्ही एका घरात राहिलो. ती माझी पेज करते, आठवड्यातून दोनदा मला जीपनीने, म्हणजे भाड्याच्या सामायिक गाडीने, शहरात डायलिसिससाठी नेते. कामापुरते बोलते. या मार्चमध्ये त्याच रस्त्यावर, तिच्या शेजारी बसून, मी धीर केला आणि म्हटले, “स्पर्धेत लोक हसले, ते माझ्यामुळे. मी तुझा ओठ रक्ताळेपर्यंत घोकवलं. चुकलं माझं.”

बाहेर पाहतच ती म्हणाली, “लोक हसले ते मी कधीच विसरले असते, मनांग. ओठ तर आठ दिवसांत बरा झाला. स्पर्धेहून घरी येताना तू माझ्या शेजारी बसली नाहीस. पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसलीस, कोणी ओळखू नये म्हणून.”

मला ते आठवतही नव्हते. चाळीस वर्षे मी चुकीच्या गोष्टीसाठी स्वतःला दोष देत होते. मी पुन्हा क्षमा मागितली. ती म्हणाली, “माहीत आहे.” मग माझ्या पायावरची शाल नीट केली.

म्हणून नोंदवते: मी क्षमा मागितली आहे, ती मिळालेली नाही. घर आणि बाग हा त्या क्षमेचा मोबदला नव्हे. माझ्या मृत्यूनंतर कोणीही, पाद्री असो वा नातलग, कोन्सिंगवर मला क्षमा करण्यासाठी दबाव आणू नये. क्षमा न करण्याचा हक्क तिचा एकटीचा आहे आणि त्यावर माझ्या कोणाही वारसाचा दावा चालणार नाही.

हा मजकूर मी तिन्ही साक्षीदारांना आमच्या बोलीत वाचून दाखवला. त्यांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर प्रत्येक पानावर सही केली.

(सही) फिलोमेना नोब्लेझा फामातिद

साक्षीदार:
१. पुरिफिकासिओन मोंतेआल्तो, सुईण (सही)
२. एग्मिदिओ फालदास, बेकरीवाले (सही)
३. रोदेलिओ नावारेते, निवृत्त टपाल कर्मचारी (सही)

स्थळ: मियागाओ, इलोइलो
दिनांक: ११ ऑगस्ट २०१९