माझ्या नावाची डबी

३ मार्च
सकाळपासून सात वेळा! पाचव्या केमोनंतर केस गेले, भुवया गेल्या, तोंड आलं — आता पोट. फिटर दाराबाहेरून विचारतात, "झालं का?" झालं असतं तर बाहेर आले नसते का! (फिटर म्हणजे आमचे हे. जन्मभर पंप बसवले, निवृत्त झाले तरी घरात पान्हा घेऊनच फिरतात.)

४ मार्च
आठ.

५ मार्च
फिटरनी सिस्टरला फोन करून सगळं सांगून टाकलं. चोंबडे कुठले! लगेच फर्मान निघालं — शौचाची तपासणी, उद्या सकाळी डबी लॅबमध्ये. मी म्हटलं, "अहो, केमोनेच होत असेल." "असेलही. पण जंतू निघाले तर पुढचा डोस लांबणार हं, ताई."

लांबणार! बाराला शेवटचा डोस. तो वेळेवर झाला तरच डॉक्टर मला लेकीकडे जाऊ देणार. तिचे दिवस भरत आलेत. बाळ माझ्याशिवाय जन्माला आलं तर? नाही म्हणजे नाही.

६ मार्च
केलं! लिहायलाही लाज वाटतेय. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा केला. बाहीतल्या, मोज्यातल्या, चष्म्याच्या घरातल्या चिठ्ठ्या पकडल्या. आणि आज या बाईंनी स्वतः काय केलं? नवऱ्याची डबी आपल्या नावाने पाठवली.

हे आधी ऐकेचनात. "अगं, भलतंच काय? माझं — तुझ्या नावावर?"
"तुमचं पोट खिळे पचवतं. रिपोर्ट स्वच्छ येईल, डोस होईल. कुणाचं काय जातंय?"
अर्धा तास कुरकुर. शेवटी नातवंडाचं नाव काढलं, तेव्हा निमूट डबी घेऊन आत गेले. बाहेर आले ते शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा करून.

८ मार्च
जंतू सापडले! माझ्या नावाने, फिटरच्या पोटातले! मी पोट धरून हसत सुटले, आणि हसता हसता आत पळावं लागलं. फिटर फुरंगटून बसलेत. "मला काडीचा त्रास नाही!" म्हणे. अहो, म्हणून तर तुमची निवड झाली!

दुपारी डॉक्टरांचा फोन. डोस तूर्त बंद. शिवाय शौचात रक्ताचा अंश दिसतोय, या जंतूने सहसा तसं होत नाही, उद्याच या. आता माझं हसू पळालं.

९ मार्च
कबूल केलं सगळं. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका होतात ना?" एवढंच. मान वर करवेना.

मग समजावून सांगितलं. केमोने पांढऱ्या पेशी घटतात. धडधाकट माणसाच्या पोटात हे जंतू गुपचूप पडून राहतील, माझ्या पोटात धुमाकूळ घालतील. "अशा पोटावर मी डोस दिला असता तर..." घाबरले मी. बाळाला बघायची घाई करत होते आणि स्वतःचाच जीव घालवून बसले असते. मूर्ख बाई!

दोघांच्या खऱ्या डब्या घेतल्या. सिस्टरने स्वतः नावं लिहिली आणि मी बाहेर येईपर्यंत दारापाशी उभी राहिली. मीही तेच केलं असतं.

११ मार्च
दोघांच्या पोटात एकच जंतू. गोळ्याही एकच. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी ठसक्यात — "फिल्टरचं!" फिटर जमिनीकडे बघायला लागले.

घरी आल्यावर ओट्याखाली वाकून पाहिलं. जानेवारीत फिल्टर तुंबला, पाणी सावकाश येतं म्हणून या गृहस्थांनी बाजूने नळी टाकली. गच्चीवरच्या टाकीतून थेट नळाला! फिल्टरचा हिरवा दिवा मात्र झोकात लागलेला. "तात्पुरतं केलं होतं गं." टाकीचं झाकण उडालेलं. आत काय काय निघालं ते लिहीत नाही, अजून जेवायचंय.

चांगली फैलावर घेणार होते. पण हे नळी हातात धरून तिथेच फरशीवर बसले आणि रडायला लागले. "तुला मीच पाजलं ते पाणी." काय रागावणार? मीही शेजारी बसले.

१८ मार्च
पोट शांत! डोस चोवीसला. लेक फोनवर म्हणाली, "बाळाला सांगितलंय, आजीला उशीर होतोय, थांब जरा." वेडी.

फिटरचे जंतू गेले. रक्त मात्र अजून दिसतंय. परवा दुर्बिणीने तपासणार. "मूळव्याध असेल, दुसरं काय," हे म्हणतात.

२१ मार्च
यांच्या आतड्यात गाठ आहे. लहान आहे, सुरुवातीचीच. काढली की बहुधा बरे होतील, डॉक्टर म्हणाले. "काहीच त्रास नव्हता. बाई, तुम्ही ती लबाडी केली नसती तर हे वर्षभर तरी इथे आले नसते." मी यांचा हात धरला होता. घरी येईपर्यंत सोडला नाही.